कोरड्या खोलीतली नाव

माह्या नाकावर राग, हे सारं गाव जाणे. पण अब्दुल गनीवर काढलेला राग मले आजही टोचते.

पैनगंगेवर पूल झाला ते साल एकसष्ट. त्याआधी पल्याडचे लोक उमरखेडच्या बाजाराले यायचे ते गनीचाचाच्या नावेतूनच. माही बायको जमनी नवरी होऊन त्याच नावेत बसून आली. मधात पाणी पाहून रडायले लागली, तं चाचानं तिले बेसूर गाणं म्हणून हसवलं. काय दिवस होते बाप्पा! पंचवीस वर्सं त्यानं नाव चालवली अन् एक माणूस बुडू दिला नाही.

पूल झाला, नाव रेतीत पडली. आमच्या शाळेचे हेडमास्तर बापूजी मोठे हौशी. त्यायनं मागच्या खोलीत नदीचं संग्रहालय मांडलं. वल्हे, कंदील, मासोळ्याचे जाळे अन् मधात चाचाची नाव. वर पाटी, ‘हात लावू नये’. मी शाळेचा चपराशी, किल्ली माह्याजवळ.

दुसऱ्याच दिवशी चाचा दोन घागरी पाणी घेऊन हजर.

“हे कायले?” मी इचारलं.

“नावेवर टाकतो. पाण्यातलं लाकूड हाय देवीलाल, सुकलं तं फाकते.”

“आताच सारवलं मी. सारा चिखल करून राह्यले तुम्ही.”

“मंग खोली नदीत नेऊन ठेव,” चाचा म्हणे.

चार दिवस तो आला, चार दिवस आमचं वाजलं. पाचव्या दिवशी मी बापूजीकडं गेलो अन् चाचा सामान खराब करते म्हणून सांगतलं. लाकूड फाकते, हे मात्र सांगतलं नाही. बापूजीनं पाणी बंद केलं.

मंग चाचा नुसता खिडकीतून पाहे. चैतात फळ्या तडतडायले लागल्या. वैशाखात एका फटीतून माह्यं बोट आरपार गेलं. कोणाले दिसू नये म्हणून मी फटीत कापूस कोंबला, तोही गळून पडला.

जूनमधी पुसदहून एक मोठे साहेब शाळा पाहायले आले. बापूजीनं मुद्दाम चाचाले बोलावलं. चाचा धुतलेला पायजमा अन् नवी टोपी घालून आला. साहेबानं नावेभोवती चक्कर मारली, वाकून फटीतून पलीकडली भिंत पाहिली.

“हीच का तुमची नाव?”

चाचानं फळीवरून सावकाश हात फिरवला. त्याले अडवायची माही हिंमत झाली नाही.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “माही नाव दुसरी होती. असल्या नावेत लोकायचे लेकरं बसवले असते का मी?”

बापूजीनं माह्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. चाचा साऱ्यायले सलाम करून पायरी उतरला, अन् मरेस्तोवर त्या खोलीकडं फिरकला नाही.