न सापडलेले जोडीदार

समोरच्या गॅलरीत सुमनताई दर रविवारी एक शर्ट वाळत घालतात. निळ्या चौकटींचा. तो त्यांच्या यजमानांचा. ते बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हापासून कुणीही न घातलेला तो शर्ट नुसता धुऊन धुऊन विरत चाललाय.

मी भौतिकशास्त्राचा मास्तर, आणि माझं आयुष्य सुपरसिमेट्रीत गेलं. मूलकणांची दोन घराणी आहेत, आणि एका घराण्यातल्या प्रत्येक कणाला दुसऱ्या घराण्यात जोडीदार असलाच पाहिजे, असं हा सिद्धांत सांगतो. गणित इतकं देखणं की ते खोटं असेल असं वाटेच ना. पण असा जोडीदार एकाही कणाला सापडला नाही. दर वेळी आम्ही म्हणायचो, ते आणखी जड असतील, ते शोधायला आणखी मोठं यंत्र हवं.

हे मी सुमनताईंना एकदा सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "आमचेही आणखी लांब गेले असतील," म्हणाल्या. आधी त्यांनी नाशिकपर्यंत शोधलं होतं, मग सुरत, मग थेट हरिद्वार. तेव्हापासून भेटल्या की विचारायच्या, "सापडले का हो सर तुमचे?"

गेल्या आठवड्यात फाटकाशी त्यांनी पुन्हा विचारलं. मी थकलो होतो. बोलून गेलो, "नसतीलच बहुधा, ताई." त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

न सापडणं आणि नसणं यांत एवढीशी जागा असते. तेवढ्या जागेत माणसं आयुष्य काढतात. मीही काढलं.

आज रविवार. समोरची दोरी रिकामी आहे.