नवेगावच्या शेंड्यावरचा नीलांग

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. त्याआधीचे सगळे उन्हाळे विडीसाठी तेंदूपत्ता तोडण्यात गेले. पहाटे आईबाबांच्या मागे जंगलात जायचं, कमरेएवढ्या झुडपांची पानं तोडायची, दुपारी दारात बसून पुडे बांधायचे. सुट्टीत मामाच्या गावाला जातात, हे मी फक्त धड्यात वाचलं.

या हिवाळ्यात आमच्या केशोरीहून नवेगाव बांधची एसटी धरली. पक्षी-मार्गदर्शकांची निवड होती. अट एकच: थंडीपुरता हिमालयाच्या ओल्या डोंगरी रानातून इकडे येणारा एक माशीमार (उडत्या माश्या टिपणारा पक्षी) अकराच्या आत शोधायचा आणि ओळख पटवून द्यायची. बाबा सोबत निघाले. म्हणाले, "जंगल माह्यं, परीक्षा तुही."

स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले. अर्धी तर्री माझ्या वहीने खाल्ली.

तलावावर धुकं होतं. डोंग्यातून (लहान लाकडी नाव) जाळं ओढणाऱ्या ढिवरकाकांनी हटकलं, "काऊन (का) भाऊ, इकडं कायले?"

"पाखरू पाहाले. पोरगी त्याच्यावर नोकरी घेऊन रायली."

"केवढं हाये?"

बाबांनी अंगठा दाखवला.

"मंग चांगला मोठा बगळा पाहा ना जी!"

नाल्याकाठी परीक्षक मॅडम भेटल्या. पंधरा मिनिटांत मी झुडपातला निळा माशीमार दाखवला. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. "छाती नारिंगी आहे. हा इथलाच, बारमाही. पाहुणा दाखवा." तासाभराने पुन्हा एक निळा सापडला. तोही तसाच. साडेदहा वाजले.

दगडावर बसलेले बाबा वैतागले, "खाली खाली काय पाहून रायली वो? आज पत्ता तोडाले नाही आलो आपण!"

मी थबकले. खरंच, माझी नजर सकाळपासून तेंदूच्या उंचीवरच फिरत होती. मान वर केली. निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर एक चिमुकला पक्षी. उजेडाविरुद्ध तो राखाडीच वाटला. त्याने झेप घेतली, हवेतच माशी टिपली आणि परत त्याच टोकावर बसला. वळला, तसं अंगावर ऊन पडलं. नखशिखांत मोरचुदाचा रंग!

"नीलांग, मॅडम. नर."

"कशावरून?"

"छातीसुद्धा निळी, नारिंगीचा ठिपका नाही. डोळा आणि चोच यांच्यामध्ये काळा डाग. आणि उघड्या शेंड्यावर बसलाय. झुडपातला तो सावली सोडत नाही."

मॅडमनी बराच वेळ दुर्बीण लावली. मग हसल्या आणि कागदावर बरोबरची खूण केली.

बाबांनीही दुर्बीण मागून घेतली. "बाप्पा! चाळीस वर्सं या रानात फिरलो, हे कधी दिसलं नाही माले."

परतीच्या एसटीत मी खिडकीतून झाडांचे शेंडेच पाहत होते. हेच रान पायाखालून गेलं होतं. वरचं अर्धं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्याने यादी लागली. नवेगाव बांधच्या जंगलात मी पक्षी-मार्गदर्शक झाले.