मयत लपवा

यादी गाळणं हे प्रोग्रामिंगमधलं सगळ्यात साधं काम, असं मला दौंडच्या माझ्या एका खोलीच्या ऑफिसात बसून वाटायचं. वर शोधाचा चौकोन, खाली यादी. प्रत्येक नावाला अट विचारायची. हो म्हणालं तर ते दिसेल, नाही म्हणालं तर लपेल.

मावशीच्या गावातल्या पाणी संस्थेचं काम घेतलं, तेव्हा यादीच्या पोटात यादी निघाली. खातेदार, खातेदाराच्या आत त्याची शेतं, शेताच्या आत कसणारा आणि त्याची पाण्याची पाळी. अशा वेळी आधी बाहेरच्याला अट विचारली आणि तो नाही म्हणाला, तर आतल्यांना कुणी विचारतच नाही. म्हणून मी उलटं लिहिलं होतं: आतला एक जरी हो म्हणाला, तरी बाहेरचा यादीत राहील. तळेगाव ढमढेऱ्याच्या त्या पट्ट्यात याचं कारण कुणाला सांगावं लागत नाही. कितीतरी जमिनी अजून मेलेल्यांच्याच नावावर आहेत. वारसनोंद म्हटली की वाटणी आणि वाटणी म्हटली की भाऊबंदकी. त्यापेक्षा म्हातारा कागदावर जिवंत असलेला बरा. मावशीचं शेवंतीचं रानही तिच्या सासऱ्याच्या नावावर होतं. सासरा कधीच गेला, मागोमाग नवराही गेला. रान ती एकटी कसते.

चेअरमनना मात्र स्क्रीनवर मेलेली नावं बघवेनात.

"तपासणीला सायेब लोकं येत्यात. मसणवट्याला पाणी देतो का आम्ही? काढ ती नावं."

"आप्पा, म्हातारे काढले की त्यांच्या आतले जितेही जातील."

"ते तू बघ. मला स्क्रीन साफ पायजे."

शेवटी मी एक टिक ठेवून दिली: 'मयत लपवा'. पाळीच्या चिठ्ठ्या छापताना ती काढायची, हे क्लार्कला पुन्हापुन्हा बजावलं. तो मान डोलवत राहिला आणि टिक त्याने एकदाही काढली नाही. साफ स्क्रीनवर चेअरमन खूश होते, मग त्याला कशाला पडलीय?

पाटाला पाणी सुटलं. चिठ्ठी असेल त्याच्याच रानात पाटकरी पाणी वळवतो, आणि मयतांच्या नावावरच्या इतरांसारखी मावशीचीही चिठ्ठी निघालीच नव्हती. आज निघेल, उद्या निघेल करत ती थांबली, मला फोनही केला नाही. मला कळलं तोवर पाट बंद झाला होता आणि कळ्या धरलेल्या शेवंतीने माना टाकल्या होत्या.

मी तडक संस्थेत गेलो. मावशी तिथेच उभी होती. चेअरमन सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "पोरगं तुमचंच हाय. प्रोग्राम त्यानं लिवलाय. कंप्युटरनं चिठ्ठी दिली न्हाई, तर मी काय करणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. क्लार्कला बाजूला सारून मी टिक काढली. सासऱ्याचं नाव वर आलं आणि त्याच्या आत मावशीचं. चेअरमन हसून म्हणाले, "घावली की. पुढच्या पाळीला मिळंल पाणी." माझं पुढचं काम त्यांच्याच हातात होतं, तरी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी चहा मागवला. त्या चहाची मला अजून किळस येते.

रानात आल्यावर मावशी वाळलेली रोपं उपटायला लागली. मी बांधावर बसून तिला सगळं समजावून सांगत होतो. खरं म्हणजे माझी चूक नव्हती, एवढंच मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मावशी, यादीत तू होतीस. तुझ्या सासऱ्यांना लपवलं, म्हणून त्यांच्याबरोबर तूपण लपलीस. म्हणून संस्थेतल्यांना तू दिसली नाहीस."

तिने हातातली रोपं बांधावर टाकली.

"पाणी चालू व्हतं तवर मी रोज पाटावर जाऊन उभी ऱ्हायले. पाटकरी, त्यो क्लार्क, तुझा आप्पा, समदे माझ्या म्होरनं गेले. रामराम घातला मला. तितं मला कुणी लपवलं व्हतं?"