प्राजूच्या बारशाची कॅसेट

आधीच सांगते, मी अंगारे-धुपारे मानणारी बाई नाही. आमच्या शिरवण्यात कुणाच्या अंगात आलं तर मी चहा ठेवायला आत जाते... पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

मी ह्यांची दुसरी. पहिली वनिता, प्राजू दीड वर्षाची असताना गेली. दर पितृपक्षात नवमीला मी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालते, ओटी भरते. सगळं रीतसर. पण मनातून सवत ती सवतच हो!

माझ्या दिरांनी दुबईहून व्हिडिओ कॅमेरा आणला होता. त्यावर काढलेली प्राजूच्या बारशाची एक छोटी कॅसेट होती. लग्नानंतर बघते तर काय – हे दुपारी टीव्हीला कॅमेरा लावून एकटेच ती बघत बसायचे. पाळण्याशी वाकलेली वनिता, हिरवी साडी, आणि ह्यांचे डोळे भरलेले. माझ्याकडे कधी असं बघितलं नाही त्यांनी.

मग प्राजूच्या शाळेचं गॅदरिंग आलं. मी त्या कॅसेटचं लेबल खरवडलं आणि कोरी म्हणून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनीच तिच्यावर गॅदरिंग शूट केलं. पुढे बारशाची कॅसेट शोधायला लागले, तर मी म्हटलं, घर बदलताना हरवली असेल. आजवर कुणाला बोलले नाही.

प्राजू आता कॅनडात. ती म्हणाली, आई, जुन्या कॅसेट मोबाईलवर बघता येतील अशा करून घे ना. मी हौसेने नेरूळच्या स्टुडिओत गेले. गॅदरिंगमध्ये मी आहे ना – पिवळ्या साडीत, कोळीण झालेल्या प्राजूला गजरा माळताना! तरुणपणची तिच्याबरोबरची तेवढीच माझी फिल्म. स्टुडिओवाल्या भाऊंनी कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दाखवलं, गॅदरिंगच होतं.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह आणून टीव्हीला लावला... आणि पाळणा. हिरवी साडी. सगळं बारसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गॅदरिंग कुठेच नाही.

ह्यांनी ते परत पहिल्यापासून लावलं. मग म्हणाले, "ही तर हरवली होती ना गं?"

मी दूध बघायला आत गेले.

संध्याकाळी परत स्टुडिओ गाठला. भाऊंनी माझ्यासमोर कॅसेट लावली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर गॅदरिंग, आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर बारसं. वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला – तेच.

"मावशी, वरून रेकॉर्ड केलं की खालचं परत येत नसतं," ते म्हणाले. "आणि आलंच, तर दोन जागी दोन कसं दिसेल?" कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि दुकान बंद करायची वेळ नसताना शटर अर्धं ओढलं.

तोवर ह्यांनी ती फाईल प्राजूला पाठवूनही दिली होती. तिचा फोन आला, रडत होती. "आई, ती माझ्याकडे कशी बघतेय गं... मला वाटायचं, तिचं असं काहीच नाहीये आपल्याकडे."

मी म्हटलं, हो गं बाळा, सापडलं एकदाचं. दुसरं काय बोलणार?

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. भाऊंनाही नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पण ह्यांच्या कानावर नको.

काल प्राजूने त्यातलाच फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलंय – मी आणि आई. मी सात वेळा उघडून बघितला. कितीदा बघितला ते तिला दिसत नाही म्हणे, एवढं बरंय.