बाभळीच्या काट्याची खूण

ही हकिकत मी आजवर पूर्ण सांगितलेली नाही. आमच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या सभेला साक्ष देण्याची रीत आहे, आणि त्या सभेत मी तीन-चारदा उभा राहिलो आहे. अकोल्याच्या दवाखान्यात विषमज्वरातून उठलो ते सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या एका अनोळखी दर्जीबुवांनी आमच्या घरच्या पवित्र शास्त्राचं एक पान उजेडात धरलं आणि माझे डोळे उघडले, तेही सांगितलं. लोकांनी आमेन म्हटलं. पण त्या पानावर काय होतं आणि ते कुणामुळे होतं, त्या ठिकाणी आलो की मी गोष्ट वळवून घ्यायचो. आता वय झालं. ज्यांच्यापुढं लाज वाटावी असे फारसे कुणी उरले नाहीत, आणि ज्यांची क्षमा मागायची होती तेही उरले नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतो.

आमचे बाबा अमरावतीला मिशनच्या शाळेत मास्तर होते. आई लवकर गेली. घरात बाबा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान करुणा. रोज सकाळी, चूल पेटण्याआधी, घरची उपासना व्हायची. एक गीत, शास्त्राचा एक अध्याय आणि प्रार्थना. उत्पत्तीपासून सुरू करून प्रकटीकरणापर्यंत क्रमानं जायचं आणि पुन्हा पहिल्या पानावर यायचं. एकही अध्याय गाळायचा नाही. इतिहासाच्या पुस्तकातल्या वंशावळ्या आल्या की माझा जीव कंटाळून जाई. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, नुसती नावं. एकदा मी दोन पानं एकदम उलटली. बाबा लगेच म्हणाले, "काहून रे, गाळलं काहून? देवानं एकेक नाव मोजून लिवून ठेवलं, अन् तुले वाचाले जड होते?" करुणा तोंडावर पदर धरून हसत होती. तिला बाबांचं सगळं पाठ होतं.

पुढं बाबांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेले. आधी ते वाचलेल्या अध्यायापाशी पेन्सिलीनं तारीख घालायचे. दिसेनासं झाल्यावर त्यांनी बाभळीचा एक लांब काटा घेतला, त्याची मागची बाजू ज्वारीच्या धांड्याच्या तुकड्यात खुपसली आणि तो दोऱ्यानं शास्त्राला बांधून टाकला. मी अध्याय वाचायचो, मग त्यांचं बोट धरून त्या अध्यायाच्या आकड्याजवळ न्यायचो, आणि ते समासात काट्यानं एक टोच मारायचे. कागदाला बारीक भोक पडायचं. त्यावरून बोट फिरवून ते म्हणायचे, "झालं. आजचं झालं."

त्या शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या घराण्याची नावं होती. आजोबांचा बाप्तिस्मा, आजीचं नाव, बाबा, आई, तिच्या मृत्यूची तारीख, मी, आणि सगळ्यांत खाली, बाबांच्या वळणदार अक्षरात, करुणा.

पन्नासची सालं सरत आली होती. करुणा शिक्षिकेचं शिक्षण घेत होती. तिथं तिची वलगावच्या एका तरुण शिक्षकाशी ओळख झाली. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेलं घर, माणूस सरळ आणि कष्टाळू. तिनं बाबांना सगळं सांगितलं आणि मग नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. बाबांना लागलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. पण तिसऱ्या सकाळी प्रार्थनेत त्यांनी तिचं नाव घेतलं, त्याच्या मागोमाग जावयाचंही घेतलं. मी चिडून म्हणालो, मंडळीत आपल्याला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. बाबा म्हणाले, "तुले तोंडाची पडली. मले पोरीची पडली."

मला तोंडाचीच पडली होती. त्याच दिवसांत माझी सोयरीक अकोल्याच्या एका घरात चालली होती. आमच्यात मुलगी देताना वडीलधारी माणसं मुलाच्या घरचं शास्त्र मागून पहिलं पान पाहायची. किती पिढ्या प्रभूच्या घरात आहेत, कुणाचा बाप्तिस्मा कुठं झाला, ते त्यावरून कळायचं. करुणाची बातमी अकोल्याला पोचली असणार याची मला खात्री होती. पाहुणे यायचे त्या सकाळी बाबा न्हाणीत असताना मी टाक शाईत बुडवला आणि तिचं नाव खोडलं. एका रेघेनं समाधान झालं नाही. चार-पाचदा टाक ओढला. निब कागदात रुतली आणि कागद फाटता फाटता राहिला. आपलं घर कडक आहे असं पाहुण्यांना दिसावं, एवढाच माझा हिशेब होता.

मुलीचे मामा आले. चहा ठेवला. त्यांनी पान उघडून चष्मा सावरला.

"हे कोन? खोडलं काहून?"

"माझी बहीण. तिनं बाहेर लग्न केलं," मी म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबांनी खोडलं. मी नुसतं बोट धरून जागा दाखवली."

मामा खाटेवर बसलेल्या बाबांकडे वळले. "मास्तर, छाती पायजे बापा असं कराले. पोटच्या पोरीचं नाव!"

बाबांनी मान माझ्या दिशेनं वळवली. दिसत नव्हतं तरी त्यांचे डोळे बरोबर माझ्या चेहऱ्यावर आले. मला वाटलं, आता संपलं. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकत होते. ते एवढंच म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला. पावन्यायले द्या."

लग्न ठरलं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं मुलीचं नाव खोडलं, ही गोष्ट आठवड्याभरात मंडळीभर झाली, आणि तिथून वलगावला पोचायला कितीसा वेळ लागणार? सायकलीवर जाऊन येण्यासारखं गाव. करुणाचं एक पोस्टकार्ड आलं, बाबांच्या नावानं. दोनच ओळी होत्या. बाबा, तुम्ही खरंच माझं नाव खोडलं का? एकदा हो किंवा नाही कळवा. आंधळ्या बापाला पत्र वाचून दाखवणारा घरात मी एकटाच होतो. मी ते वाचून दाखवलं नाही. चुलीत घातलं.

पाहुणे येऊन गेल्यापासून बाबांनी प्रार्थनेत करुणाचं नाव उच्चारणं बंद केलं. मला हायसं वाटलं. वाटलं, त्यांनीही तिला सोडलं. फक्त एक नवीन सवय लागली. अध्यायाची टोच मारून झाली की ते म्हणायचे, "दे इकडं, जरासं मांडीवर राहू दे." मग बराच वेळ शास्त्र मांडीवर घेऊन, वरचा पुठ्ठा उघडून, मान खाली घालून बसायचे. म्हातारपणाची सवय म्हणून मी ऑफिसच्या तयारीला लागायचो. लग्न होऊन माझी पत्नी घरात आली, तिनंही कधी विचारलं नाही. चार वर्षं हे असं चाललं.

बाबा गेले तेव्हा कबरस्तानात खूप माणसं जमली. माती देताना मी सहज मान वर केली, तर रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली करुणा उभी होती. कडेवर मूल होतं. मी हाक मारली असती तर ती आली असती. मी मूठभर माती घेतली, टाकली आणि पाठ फिरवली. पुन्हा पाहिलं तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं.

त्यानंतर माझी अकोल्याला बदली झाली. घरी उपासना चालू होती, पण मी नवीन छापलेलं शास्त्र आणलं होतं. बाबांचं शास्त्र कापडात बांधून ट्रंकेत ठेवलं. मी सगळ्यांना सांगायचो की ते जुनं झालं, पानं सुटतील. खरं म्हणजे मला त्याचा पुठ्ठा उघडवत नव्हता. प्रार्थनेला गुडघे टेकले की मन कुठंच ठरायचं नाही. शब्द यायचे, पण ते छताला लागून परत यायचे. मंडळीनं मला पंचात घेतलं होतं आणि दर रविवारी मी पुढच्या बाकावर बसायचो. बसल्या जागी मला उठून जावंसं वाटायचं.

बरीच वर्षं अशी गेली, आणि मग तो विषमज्वर. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी पत्नीला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. ती रडत घरी गेली आणि येताना बाबांचं शास्त्र घेऊन आली. तिला वाटलं, मला आधार होईल. तिनं ते उशाखाली ठेवलं. मी दोन दिवस त्याला हात लावला नाही.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे दर्जीबुवा होते. पोटाचं दुखणं, पण जीभ शाबूत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "क्यों बाबू, किताब उशी के नीचे रखने से बुखार उतरता क्या? खोलते क्यों नई?"

"डोळ्यांना त्रास होतो," मी म्हणालो.

"तो हमकू दो. पढना नई आता, देखेंगे तो सही." त्यांनी हात लांब करून शास्त्र काढून घेतलं. नाही म्हणायची ताकद अंगात नव्हती. त्यांनी पुठ्ठा उघडला आणि शिंप्याच्या सवयीनं पानावर अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"बाबू, इसमें तो टाके हैं."

मला वाटलं, तापात मी भलतंच ऐकतो आहे. त्यांनी ते पान खिडकीतल्या उन्हात धरलं. मी मान वळवली. करुणाच्या नावावर मी ओढलेल्या काळ्या रेघा होत्या, आणि त्यांच्याभोवती, वरखाली, आजूबाजूला, दाट टोचे होते. उजेड एकेका भोकातून आत येत होता. नाव दिसत नव्हतं. पण नावाची जागा पूर्ण उजळलेली होती.

"सुई का नई है," दर्जीबुवा म्हणाले. "काटे का है. और देखो, एक जगे दो बार नई टोचा. जिसने किया, बहोत बैठ के किया. किसका नाम है ये?"

मला रडू आलं, आणि मग बराच वेळ थांबलं नाही. ते घाबरून नर्सबाईंना हाका मारू लागले. मला कळलं होतं की बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझा खोटेपणा त्यांनी पाहुण्यांपुढं आपल्या अंगावर घेतला. मग मी खोटा पडू नये म्हणून तिचं नाव तोंडानं घेणं सोडलं, आणि रोज सकाळी ते काट्यानं घेतलं. शाईनं लिहिलेली इतर नावं त्यांच्या बोटांना लागणं शक्य नव्हतं. करुणाचंच लागत होतं, कारण माझ्या निबेनं तिथं चरे पाडले होते. मी खोडलं म्हणून त्यांना ती सापडत होती.

ताप पुढं उतरला. डॉक्टरांनी औषधाचा गुण म्हटलं, पत्नीनं प्रार्थनेचा. मी वाद घालत नाही. दर्जीबुवा दोन दिवसांनी घरी गेले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. बरा झाल्यावर मी बाजारात तीन-चार दुकानांत चौकशी केली, कुणाला ते माहीत नव्हते.

अंगात बळ आल्यावर मी शास्त्र घेऊन वलगावला निघालो. अकोल्याहून अमरावती, तिथून दुसरी बस. वाटभर एकच वाक्य मी मनात घोकत होतो. करुणाच्या यजमानांनी दारात जयभीम केला, मी आमच्या मंडळीच्या रीतीनं सलाम केला, त्यांनी स्वतः पाण्याचा लोटा आणून दिला. करुणा ओट्यावर तूर निवडत होती. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. "दादा, किती वाळला रे तू," एवढं म्हणून ती उठली. मी काही बोलायच्या आत शास्त्र तिच्या हातात दिलं आणि ते पान उन्हात धरायला सांगितलं. ती बघत राहिली. मग तिनं बोट फिरवलं, अगदी बाबा फिरवायचे तसं.

"हे बाबाचं काम हाय. त्याचा काटा," ती म्हणाली.

"रोज टोचायचे. चार वर्षं."

ती खाली बसली. पदरानं डोळे पुसले आणि हसली. "खोडलं त्यानं, अन् मंग रोज पस्तावला. पाय बरं, किती जीव जाळला असन म्हाताऱ्यानं. जाऊ दे दादा. मी माफ केलं त्याले. आजपासून माह्या मनात बाबावर काईच नाई."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता. मी स्वतःला म्हटलं, आता तो कशाला बिघडवायचा, पुढच्या खेपेला सांगू. ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. शास्त्र मी तिच्याकडेच ठेवलं. मग वर्षानुवर्षं येणंजाणं झालं, तिची मुलं मला मामा म्हणू लागली, तिनं केलेली आंबाडीची भाजी मी पोटभर खाल्ली. पुढची खेप काही आली नाही.

गेल्या हिवाळ्यात करुणा गेली. तिच्या मुलीनं ते शास्त्र मला परत आणून दिलं. काटा अजून दोऱ्याला होता. पहिल्या पानावर, खोडलेल्या जागेखाली, करुणानं आपलं नाव पुन्हा लिहिलं होतं, आणि पुढं बारीक अक्षरात: बाबांनी खोडलं, बाबांनीच परत घेतलं. पहिले दोन शब्द खोटे आहेत, ते माझे आहेत, आणि आता ते तिच्या हस्ताक्षरात आहेत. टाक हातात घेऊन मी त्या पानापुढं बसलो होतो. पण त्या पानावर आणखी एक रेघ ओढण्याचा अधिकार मला नाही. म्हणून टाक ठेवला आणि वेगळ्या कागदावर हे लिहिलं. हा कागद त्याच पानाजवळ राहील. जो कुणी आमच्या घराची नावं वाचेल त्यानं हाही वाचावा.

प्रभूचे उपकार मी मानतो. एका आंधळ्या बापाच्या हातून आणि एका अनोळखी शिंप्याच्या अंगठ्यातून त्यानं माझ्यापर्यंत वाट काढली. दया माझ्या दारापर्यंत आली होती, मी फक्त खरं सांगायला तोंड उघडलं नाही. आता रोज सकाळी अध्याय वाचून झाला की मी काट्यानं एक टोच मारतो, शास्त्र मांडीवर घेतो आणि वलगावच्या बसमध्ये घोकलेलं ते वाक्य म्हणतो. ऐकणारी नाही, तरी म्हणतो.

करुणे, बाबानं नाई खोडलं वं. मी खोडलं. मले माफ कर.