पाकिटावरली म्हातारी आन आमची अक्का

आमची अक्का गेली तवापासून जो तो येऊन हेच म्हनतो, लई शांत बाई होती. पन अक्का शांत कुठं होती? माझी थोरली बहीण, नाव बसम्मा, अहमदपूरला राहायची. रस्त्यानं चाललेल्या मानसाला वट्ट्यावर बोलवायची, चहा पाजायची आन त्याचीच टिंगल करायची. त्यो बी हसतच जायचा. म्हनून म्हनलं, खरी कशी होती ते लिवावं.

तिची पोरगी वर्षाराणी पुण्याला कंपनीत होती. आमचे दाजी वारले तशी नोकरी सोडून आली. म्हनली, आई, तुझी शेंगाची चटणी आन कडक भाकरी पाकिटात घालून इकू. त्याला ती धंदा म्हनत नव्हती, स्टार्टअप म्हनायची. पन दिवाळीपस्तोर लातूरच्या मोठ्या दुकानात माल लागला न्हाई तर ती परत पुण्याला जानार होती. अक्का समद्या गल्लीत म्हनायची, जाऊ दे की, घरात नुसती लुडबुड करती. आन मला एकट्याला म्हनायची, वीरण्णा, ही गेली तर घर खायला उठंल मला.

पाकिटावर फोटो पाहिजे होता. वर्षाराणीचं म्हननं, आजकाल मालाच्या आदी गोष्ट इकती, लोकांला मानूस दिसला पाहिजे. अक्कानं सरळ न्हाई म्हनलं. पाकीट फोडून लोक उकिरड्यावर टाकत्यात, माझं तोंड डुकरापुढं पडायचं न्हाई. मंग वर्षाराणीनं एआयला सांगितलं, एक म्हातारी काढून दे. त्यानं चहा निवायच्या आत काढून दिली. गोरीपान, दात समदे जाग्यावर, चुलीपुढं बसलेली आन नाकात लग्नातली नथ. नाव बी त्यानंच दिलं, गंगाआजी. पाकिटामागं गोष्ट बी लिवून दिली, जल्मभर चटणी कुटायली म्हनून.

अक्का बगून म्हनली, "हिनं कुठली चटणी कुटली? ही तर नुसती खायला बसलीय."

आता आपल्याकडं चटणी कशी हाय हे कुनी पैलं इचारत न्हाई. म्हातारी कुनाची, हे इचारतेत. गाव कोनतं, माहेर कोनतं, कुनाच्या घरात दिली. पोरीच्या समद्या हिशोबात हे बसलंच नव्हतं. बाया इचारू लागल्या, वर्षाराणी चाचरू लागली, आन अक्काला आयतंच गावलं. उदगीरच्या बाईला सांगितलं, माझी चुलतसासू हाय, देगलूरची. देगलूरच्या बाईला सांगितलं, उदगीरची. आमी लिंगायत, मंग हिच्या गळ्यात लिंग कसं दिसंना, तर म्हनं पदराखाली हाय. चुलीपुढं नथ कामून, तर म्हनं म्हातारीला हौस लई. असं करत करत गंगाआजीला दोन ल्योक झाले आन धाकट्या सुनेसंगं वाकडं बी आलं. मंग बाया पाकीट न्यायला यायच्या आन पैलं इचारायच्या, सून बोलायली का आता? माल खपायला लागला. वर्षाराणी कपाळाला हात लावायची. म्हनायची, आई, मी जाहिरातीचं एवढं शिकले, त्यात हे कुनी शिकवलं न्हाई.

त्यात लातूरहून सिद्धलिंगअप्पाचा फोन आला. त्यांचं किरानाचं लई मोठं दुकान. म्हनले, माल ठेवतो, पन दुकानाची नवी बाजू उघडायची हाय, ती गंगाआजीच्या हातानं उघडू. वर म्हनले, मी वळखतो त्यांला, ल्हानपनी निलंग्याला त्यांच्या हातची भाकर खाल्लीय.

फोन ठेवल्यावर अक्का म्हनली, "निलंगा तर मी कुनाला सांगितलंच नव्हतं."

वर्षाराणी रडकुंडीला आली. मी म्हनलो, म्हातारी वारली म्हनून सांगू. अक्का माझ्यावरच भडकली. मंग लोक दारात रडायला येतील, आन तवा मला हसू आलं तर? शेवटी म्हनली, चला लातूरला, मी बगते.

दुकानापुढं मंडप घातलेला. बाया नटून आलेल्या. गंगाआजीसाठी खुर्ची मांडलेली, शाल तयार. अक्कानं अप्पाला बाजूला, मागं गोदामात बोलवलं. मी आन वर्षाराणी बी गेलो.

"अप्पा, ती बाई न्हाईच. कॉम्प्युटरनं काढलेली हाय."

अप्पानं गोदामाचं दार लोटून घेतलं. मंग हळूच म्हनले, "मी तर समद्या गिऱ्हाइकांला सांगून बसलो, वळखतो म्हनून."

"आन मी सांगून बसले, चुलतसासू हाय म्हनून. आता आपन पावनेच लागतो की."

अप्पा पोत्यावर बसून हसले, पार डोळ्याला पानी येईस्तोर. पन हसून झाल्यावर चष्मा पुसला आन म्हनले, ताई, नसलेली बाई मी दुकानात ठेवत न्हाई. चटणी कोन करतंय? अक्का म्हनली, मीच. अप्पा म्हनले, तर मंग पाकिटावर तुमचं तोंड लावा, न्हाईतर माल घेऊन जावा.

अक्कानं पोरीकडं बगितलं. पोरगी खाली मान घालून उभी होती.

"लावा माझं," अक्का म्हनली. "उकिरड्यावर गेलं तर जाऊ दे."

भाईर येऊन अक्कानं बायांला समदं खरं सांगून टाकलं. म्हातारी खोटी निघाली ह्याचं कुनाला काईच वाटलं न्हाई. एक बाई तेवढी लई नाराज झाली. म्हनली, मंग ती सून बी खोटी? मी तिच्या बाजूनं भांडले की हो नंदेसंगं. त्या खुर्चीवर अक्काच बसली, शाल बी तिनंच घेतली.

फोटो काढला तर फोननं आपोआप सुरकुत्या पुसल्या. अक्कानं त्या परत आनायला लावल्या. हसली बी न्हाई. पाकिटावर अशी बगती की गिऱ्हाइकाला वाटावं, आपलं काय चुकलं. वर्षाराणी पुण्याला गेली न्हाई.

संक्रांतीच्या आदी अक्का गेली. सकाळी चांगली बोलली, दुपारी न्हाई.

परवा वर्षाराणीनं मला फोन दाखवला. तिनं जुन्या रेकॉर्डिंगवरून अक्काला बोलतं केलतं. फोटोतली अक्का ओठ हलवून म्हनली, नमस्कार, आपल्या प्रेमाबद्दल मी आभारी आहे. आवाज हुबेहूब तिचा. मला रडू आलं, खोटं कामून बोलू. वर्षाराणीनं इचारलं, मामा, जाहिरातीत लावू का?

मी म्हनलो, तिला माझ्याबद्दल इचार. तिनं बटन दाबून इचारलं. अक्का म्हनली, माझे बंधू अत्यंत प्रेमळ आणि कष्टाळू आहेत.

आमी दोघांनी एकमेकाकडं बगितलं. वर्षाराणीला रडता रडता हसू फुटलं. तिनं फोनमधली ती बोलती अक्का पुसून टाकली आन उठून शेंगा भाजायला बसली, अप्पाचा माल द्यायचा होता. पैला घाना करपला. तिनं चव बगायला दिला. मी खाल्ला आन म्हनलो, "हे काय केलंस बाई, कोळसा इकायचाय का?" ती मला लई बोलली. मंग दुसरा घाना घातला.