सव्वाचारचे आजोबा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नकोत. मी माझ्या सासऱ्यांवर जळतो. सासरे एकाहत्तर वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि मालमत्ता म्हणावी तर एक बॅग आणि दाढीचं सामान. अशा माणसावर जळायचं म्हणजे हद्द झाली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल. तुम्ही चौदा नंबरची बस चालवत नाही.

मी चालवतो. अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची पाच दुपारपाळीला. दुपारी एकला डेपोतून गाडी काढायची, रात्री साडेनऊला आणून लावायची. घरी पोचतो तेव्हा दोन्ही मुलं गाढ झोपलेली असतात. सकाळी मी डोळे चोळत उठतो तोवर मोठी दप्तर पाठीला लावून दारात उभी, आणि धाकटा तोंडाला पेस्ट फासून घरभर पळत असतो. मोठी सहा वर्षांची, धाकटा साडेतीन. मला त्यांची वीस मिनिटं मिळतात, आणि त्यातली दहा मोजे शोधण्यात जातात.

आणि नशीब कसं बघा. चौदा नंबरचा रस्ता नेमका मुलांच्या शाळेशेजारच्या बागेवरून जातो. शाळा सुटते चारला. माझी फेरी बागेपाशी येते सव्वाचारला. त्या वेळी माझी पोरं कुंपणापलीकडे सासऱ्यांबरोबर खेळत असतात आणि मी काचेअलीकडे पंचेचाळीस माणसं घेऊन जात असतो. तीन सेकंद दिसतात. पुढच्या चौकात दिवा लाल मिळाला तर आणखी अर्धं मिनिट, आरशातून. लोक देवाकडे घर मागतात, बढती मागतात. मी लाल दिवा मागतो.

आमच्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. विजेच्या तारांचे मोठमोठे मनोरे असतात ना, माळरानावर उभे, ते उभारणाऱ्या टोळीचे ते फोरमन होते. चौतीस वर्षं. आज इथे तर सहा महिन्यांनी तिसऱ्याच मुलखात, तंबूत राहायचं, दोराला लटकायचं, आणि वर्षातून दोनदा घरी यायचं. बायको सांगते, आले की दोन दिवस झोपायचे, तिसऱ्या दिवशी घरातलं जे मोडलं असेल ते दुरुस्त करायचे, चौथ्या दिवशी कुणावर तरी ओरडायचे आणि पाचव्या दिवशी जायचे. आमच्या लग्नात ते माझ्याशी एकूण दोन वाक्यं बोलले. एक, "जेवलात?" आणि दुसरं, "गाडी सावकाश चालवा." मी म्हटलं, चला, कमी बोलणारा सासरा मिळायलाही भाग्य लागतं.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी अण्णा आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आले. त्या आठ दिवसांना आता सात महिने झाले. घरजावई ऐकले होते, आमच्याकडे घरसासरे आहेत. तेही चाललं असतं हो. माणसाने खावं, प्यावं, पेपर वाचावा, पडून राहावं. पण नाही. या माणसाने माझी पोरंच ताब्यात घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

उन्हाळ्यात मला एवढं जाणवलं नव्हतं. जाणवायला लागलं पानगळ सुरू झाल्यावर. शाळेपासून घर चालत सात मिनिटांवर. मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय. या तिघांना लागतो सव्वा तास. करतात काय एवढा वेळ? तर पान निवडतात. झाडाखाली लाख पानं पडलेली, पण नियम असा की दिवसाला माणशी एकच पान घरी न्यायचं, आणि ते का निवडलं हे सांगायचं. धाकटा हमखास किडकं, भोकं पडलेलं उचलतो. मी असतो तर म्हटलं असतं, टाक ते घाण. अण्णांनी ते डोळ्यापाशी धरलं, आरपार बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, याला खिडक्या आहेत!" तेव्हापासून घरात खिडक्यांची पानं साठली आहेत. फ्रिजवर, वहीत, माझ्या युनिफॉर्मच्या खिशात.

हे सगळं मला कळतं ते रविवारी. तेही शिळं. मोठीचा पहिला दात पडला तो अण्णांच्या तळहातावर. मी तेव्हा कुठे होतो? बाजाराच्या थांब्यावर आडवी रिक्षा लावणाऱ्या एकाशी वाद घालत होतो. धाकट्याला पहिल्यांदा शिट्टी वाजली ती बागेतल्या बाकावर. मी म्हटलं, "मला वाजवून दाखव ना रे." तर म्हणतो कसा, "घरात नाही वाजत. आजोबांजवळ वाजते." अंगाचा तिळपापड झाला माझ्या. शिट्टीसुद्धा माणूस बघून वाजते?

आणि त्या गाठी! मनोऱ्यावर चढणारा माणूस, गाठ मारली की मारली. अण्णा सकाळी मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून देतात. त्या दिवसभर सुटत नाहीत, हे कबूल. पण एका रविवारी धाकटा बूट घालूनच झोपला, मी सोडवायला गेलो तर दहा मिनिटं नखांनी, मग दातांनी, मग काटा-चमच्याने. काही उपयोग नाही. शेवटी कात्री आणली आणि कापली नाडी. झालं! पोरगं उठलं आणि असं रडायला लागलं जणू मी बोट कापलं. अण्णा आतून आले, दुसऱ्या पायाच्या नाडीचं एक टोक चिमटीत धरलं, ओढलं, आणि गाठ सुळ्ळकन सुटली. "जावईबापू," म्हणाले, "ओढायची बाजू एकच असते." मी म्हटलं, "मग आधी सांगायचं!" ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." बायको तिकडे तोंड फिरवून हसत होती.

मग तो मंगळवार आला.

आभाळ निळंशार, ऊन कोवळं, वारा सुटलेला, आणि बागेतल्या मोठ्या झाडाने एका दिवसात अर्धा संसार खाली उतरवला होता. सव्वाचारला मी बागेपाशी आलो आणि बघतो तर काय, अण्णा गवतावर उताणे पडलेत आणि माझी दोन पोरं त्यांना पानांखाली पुरतायत. पोटापर्यंत पुरून झालं होतं. धाकटा दोन्ही हातांनी पानं उचलून आणत होता, त्यातली निम्मी वाटेत सांडत होता आणि खिदळत होता. काच बंद होती. खिदळणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

तिथे थांबा नाही. अकरा वर्षांत मी थांबा नसताना कधी थांबलो नाही. हात करून गयावया करणाऱ्यांनाही "पुढे या" म्हणणारा माणूस मी. पण गाडी थांबली, आणि हाताने आपसूक दारही उघडलं. दार उघडलं म्हणजे थांबा आलाच, असं समजून एक आजीबाई पिशव्या घेऊन उतरल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं. कंडक्टर मागून ओरडला, "काय झालं? टायर बसला का?" मी हॉर्न वाजवला.

मोठीने वर पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं, आणि हात हलवला. मी स्टिअरिंगवरचा हात उचलला. तेवढ्यात समोरून आमचीच सतरा नंबर आली, आणि तिने सतरालाही तस्साच हात हलवला. मग ती वळली आणि पानं गोळा करायला लागली. तिच्या लेखी एक बस गेली, दुसरी आली. आत बाप बसलाय याचा पत्ताच नाही.

पुढच्या थांब्यावर तीन मिनिटं उशीर. चुकीच्या जागी उतरलेल्या आजीबाईंची तक्रार रात्री माझ्याआधी डेपोत पोचली होती. मॅनेजरने विचारलं, "थांबलास कशाला?" मी खरं ते सांगितलं. ते बराच वेळ कागदावर पेन आपटत राहिले, आणि म्हणाले, "समज देतोय, लेखी. आणि सकाळपाळीत एक जागा रिकामी झालीये, पहाटे पाच ते दुपारी एक. येत्या सोमवारपासून. हवी तर उद्या सांग."

हवी तर! मी घरी चालत नाही, उडत गेलो. बायको स्वयंपाकघरात मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. अण्णा आत मुलांच्या खोलीत झोपले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आता शाळेतून मी आणणार. पानं मी निवडणार. आणि बोलण्याच्या भरात, खरं तर पोटातलंच, बाहेर आलं, "अण्णांना आता तुझ्या भावाकडे जाऊ दे. सात महिने आपण केलं, आता त्यांची पाळी. इथे त्यांचं तसं काही काम उरणार नाही."

ती घड्या घालत राहिली. एका छोट्या स्वेटरची तिने तीन वेळा घडी केली आणि उलगडली. मग म्हणाली, "चार वाजता मी कुठे असते?"

"दुकानात." ती बागेच्या मागच्या बाजूला औषधांच्या दुकानात काम करते.

"नसते. मालकांना सांगते चहा घेऊन येते. आणि बागेच्या मागच्या फाटकाशी उभी राहते. रोज दहा मिनिटं."

"म्हणजे तूसुद्धा मुलांना बघतेस?" मला बरंच वाटलं. दुखण्याला सोबत मिळाली.

"मुलांना नाही हो," ती म्हणाली. "अण्णांना बघते. मी सहा वर्षांची होते तेव्हा हा माणूस दारात आला की मी आईच्या मागे लपायचे. मला वाटायचं पाहुणे आलेत. हे हसतात, हे मला माहीतच नव्हतं. गवतावर लोळतात, पानाला खिडक्या आहेत म्हणतात, हे कुठून आलं? हे सगळं यांच्याजवळ तेव्हाही होतं का? मग मला का नाही दिलं?" स्वेटर तिच्या मांडीवर तसाच राहिला. "तुम्ही म्हाताऱ्यावर जळता. मी माझ्या पोटच्या पोरांवर जळते. सांगा, कुणाचं वाईट?"

एवढे दिवस मला वाटत होतं घरात एकालाच पोटशूळ आहे. मी तिच्या शेजारी बसलो आणि मोज्यांच्या जोड्या लावायला लागलो. एकही जोडी जमेना.

सकाळपाळी मी घेतली. अण्णा बायकोच्या भावाकडे गेले नाहीत, ते बोलणं मी पुन्हा काढलं नाही. आता शाळेच्या फाटकाशी मी आणि अण्णा दोघं उभे राहतो. मुलं सुटली की सरळ त्यांच्याकडे धावतात आणि दप्तरं माझ्याकडे देतात. जळतो अजून. पण जवळून जळतो.

पहिल्याच शनिवारी बायकोला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. दुपारी मी अण्णांना म्हटलं, "आज मुलं माझ्याकडे. तुम्ही हिला घेऊन बागेत जाऊन या."

"हिला?" त्यांना वाटलं बऱ्या कानानेही चुकीचं ऐकलं.

"हो. तुमच्या मुलीला."

दोघं एकमेकांकडे बघायलाच तयार नव्हते. तिने उगाच दोनदा चप्पल बदलली. त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. आणि गेले. मोठीला कळलं तेव्हा तिने आकाशपाताळ एक केलं. आजोबा तिच्याशिवाय बागेत गेलेच कसे? मी गोष्ट सांगितली, घोडा झालो, धाकट्याला उलटं टांगलं. तो खूश झाला. मोठी दीड तास खिडकीला नाक लावून बसली. तिचं तोंड बघून मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं.

अंधार पडायच्या आत दोघं परत आले. मी हळूच विचारलं, "काय केलंत एवढा वेळ?"

"काही नाही," बायको म्हणाली. "बसलो. दोघांनाही काही बोलायला सुचेना." मग चप्पल काढता काढता खालच्या आवाजात म्हणाली, "रस्ता ओलांडताना हात धरला त्यांनी माझा. पलीकडे गेल्यावरही सोडला नाही."

तेवढ्यात मोठी तीरासारखी आली, अण्णांच्या पायांना मिठी मारली आणि आईकडे डोळे वटारून म्हणाली, "आजोबा माझे आहेत!"

मला वाटलं, बायको हसेल, पोरीला जवळ घेईल, हो गं बाई तुझेच म्हणेल. सगळ्या आया तेच म्हणतात. ती हसली नाही. चौतीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, दारात तशीच उभी राहिली आणि सहा वर्षांच्या पोरीशी भांडावं तशी म्हणाली, "आधी माझे आहेत."